समासातलं वाक्य

धाकटीला लहानपणापासून सगळ्याचीच भीती. पाल, लिफ्ट, इंजेक्शन, मोठ्या आवाजात बोलणारी माणसं. अशी बाई चाळिशीत चर्चच्या इतिहासात एम.ए. करायला निघाली, तेव्हा नवरा म्हणाला, "सिंहाच्या तोंडी दिलेल्या हुतात्म्यांबद्दल तू वाचणार, आणि पाल मात्र मीच हाकलायची."

तोंडी परीक्षेच्या दिवशी मात्र ती घाबरली ती परीक्षकांमुळे नव्हे. इस्त्रीचा शर्ट घालून पपा शेवटच्या रांगेत येऊन बसले होते.

तिचा प्रबंध एका जुन्या हुतात्म्याच्या चरित्रावर होता. वधस्थानी तो म्हणतो, "प्रभू, मला भीती वाटते, पण मी इथून जात नाही." हे वाक्य त्यांच्या घरातलंच होतं. पपा कंपाउंडर होते तेव्हा रोज दवाखाना उघडताना हेच म्हणत. आईच्या शेवटच्या दुखण्यात तिचा हात धरून त्यांनी तिच्याकडूनही ते म्हणवून घेतलं, आणि तेच पुटपुटत ती गेली.

आणि धाकटीच्या प्रबंधाचा निष्कर्ष असा, की हुतात्मा हे बोललाच नव्हता. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते नाही. पुढे नक्कल करणाऱ्या कुणीतरी ते पानाच्या कडेला, समासात लिहिलं, त्याच्यानंतरच्यानं उचलून मजकुरात घातलं. पपांना सांगते, सांगते म्हणत वर्ष निघून गेलं होतं.

"थोडक्यात सांगा," परीक्षक बाई म्हणाल्या. "वाक्य हुतात्म्याचं आहे की नाही?"

'अभ्यासकांत मतभेद आहेत' ही पळवाट या विषयात कायम उघडी असते. धाकटीनं मागे पाहिलं. पपांनी नीट ऐकू यावं म्हणून कानामागे हात धरला होता.

"नाही," ती म्हणाली. "ते त्याचं नाही."

पपांचा हात खाली आला.

ती पास झाली. अभिनंदन कुणी केलं, काय म्हणालं, तिला काही कळलं नाही. बाहेर बाकावर पपा चष्मा पुसत बसले होते.

"म्हणजे मी तुझ्या आईला खोटंच सांगितलं म्हणायचं."

ज्याला ती वर्षभर घाबरत होती ते हेच.

"मग लिहिलं कुणी ते?" पपांनी विचारलं.

"नाव नाही माहीत. मठातला कुणी नक्कल करणारा. तेव्हा मठांवर हल्ले होत होते. बहुतेक स्वतःसाठीच लिहिलं असावं."

"म्हणजे हुतात्मा घाबरला नव्हता. लिहिणारा घाबरला होता."

"हो, पपा."

पपांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तुझी आईसुद्धा फार घाबरली होती गं," ते म्हणाले. "बरोबर माणसाचं वाक्य दिलं मी तिला."

आणि ते रडायला लागले. आईच्या मातीलाही पपा रडले नव्हते. धाकटीला भयंकर भीती वाटली, पण ती जागची हलली नाही.