रंभाबाईंच्या वहीतले हात

बर्मिंगहॅमला कालव्याच्या काठी एक कम्युनिटी सेंटर आहे. तिथल्या मागच्या खोलीत दर गुरुवारी साडेदहा वाजता एक पांढरी चादर उलगडली जायची. दोन टोकांना दोन माणसं, चार कोपरे चार हातांत. चादर ताणायची, एक झटका द्यायचा आणि एकमेकांकडे चालत यायचं. मधोमध हाताला हात लागला की एकाने इंग्रजीतलं एक वाक्य सांगायचं, दुसऱ्याने कोपरे घेता घेता तेच परत म्हणायचं. वाक्यात 'हँड' हा शब्द हवा. मग चादरीची आणखी एक घडी, आणखी एक वाक्य.

"आय हॅव ओन्ली गॉट वन पेअर ऑफ हँड्स," मिसेस लाउ सांगायच्या. हाँगकाँगहून लेकाबरोबर आलेल्या, सत्तरीच्या, टापटीप बाई.

"हूज माउथ?" रंभाबाई विचारायच्या. कुणाच्या तोंडून ऐकलं?

"बस ड्रायव्हर. नंबर इलेव्हन."

मग वाक्य वहीत जायचं. आधी वाक्य, मग ते बोलणाऱ्याचं नाव. नाव ठाऊक नसेल तर त्याचं काम आणि जागा. 'मला काय दहा हात आहेत का' असा मराठी अर्थ रंभाबाई स्वतःसाठी खाली लिहीत. ज्या वाक्याला तोंड नाही, ते या वहीत नाही. आणि जे चादरीवरून आलं नाही, तेही नाही.

वर्गात आठजण, सगळे चिनी. मिसेस लाउंनी एकेकाला बोलावून आणलेले. वर्षाला एक शब्द, हा रंभाबाईंचा हिशोब. मागचं अख्खं वर्ष 'हेड'मध्ये गेलं होतं. शब्द म्हणजे काही पाहुण्याचं घर नव्हे, उंबऱ्यावरून डोकावून परत फिरायला. त्यात राहावं लागतं, चुलीपाशी बसावं लागतं, तेव्हा कुठे तो आपल्याशी बोलतो.

ही रीत त्या कुठल्या कॉलेजात शिकल्या नव्हत्या. उमरेडजवळच्या एका खेड्यात त्या सातवीपर्यंत शिकल्या. उरलेलं बालपण कापूस वेचण्यात गेलं. बोटांना बोंडांचे काटे लागायचे, संध्याकाळी आई त्यावर तेल चोळायची. त्यांचे वडील काशीनाथ जन्मभर कागदावर अंगठा उठवत आले. सही करणारी घरातली पहिली रंभाच. लग्न होऊन, पंचविशीत, त्या या देशात आल्या आणि एका हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लागल्या. ज्या हातांनी कापूस वेचला, त्याच हातांनी पुढची तीस वर्षं त्या कापसाच्याच चादरींच्या घड्या घालत राहिल्या.

येताना नागपुरात घेतलेलं इंग्रजी पत्रलेखनाचं एक जुनं पुस्तक त्यांच्या पेटीत होतं. लॉन्ड्रीतल्या पहिल्याच रजेचा अर्ज त्यांनी त्यात बघून लिहिला. शेवटी लिहिलं, 'गिव्हन अंडर माय हँड ऑन धिस ट्यूजडे'. माझ्या सहीनिशी, या मंगळवारी. सुपरव्हायझरने तो अर्ज नोटीस बोर्डावर लावला. येणारी-जाणारी तो वाचायची, पोट धरून हसायची. जशी काही बादशहाची सनदच निघाली होती एका दिवसाच्या रजेसाठी.

रंभाबाईंनी तो कागद काढला नाही. त्यांना कुणीतरी सांगितलंही, काढून टाक गं. त्या म्हणाल्या, "राहू दे. सही माझी आहे." तो कागद पिवळा पडून आपोआप गळेपर्यंत तिथेच राहिला.

त्याच आठवड्यात मॉरीन नावाची आयरिश बाई ओल्या चादरीचं एक टोक त्यांच्याकडे टाकून म्हणाली, "गिव्ह अस अ हँड, बॅब." जरा हात लाव गं. दोघी चादर धरून एकमेकींकडे चालत आल्या. रंभाबाईंनी कोपरे घेताना ते वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. मॉरीन हसली नाही. ती मागे सरकली, चादर पुन्हा ताणली आणि दुसरं वाक्य सांगितलं. त्या दिवशी रंभाबाईंनी पुस्तक पेटीच्या तळाशी टाकलं आणि वही सुरू केली. पहिल्या पानावर पहिली ओळ मॉरीनची. निवृत्तीच्या दिवशी मॉरीननेच मोडीत निघालेली एक चादर त्यांच्या पिशवीत कोंबली होती. वर्गात उलगडायची ती हीच.

आता सेंटरचं काम स्वानंद बघायचा. पुण्याचा, पस्तिशीचा, बोलायला गोड. रंभाबाई गुरुवारी शिकवायच्या आणि मंगळवारी तिथल्या चहाच्या काउंटरवर उभ्या राहायच्या, दोन्ही हौसेनेच. एका मंगळवारी तो हातात कागद घेऊन काउंटरपाशी आला.

"मावशी, नेक्स्ट वीक फंडिंगवाल्यांच्या एक बाई तुमचा क्लास ऑब्झर्व्ह करायला येतायत. ही लिस्ट शिकवा. चाळीस इडियम्स आहेत, सगळे 'हँड'चे. स्पेशली चायनीज लर्नर्ससाठी बनवलीय."

रंभाबाईंनी चष्मा लावला. एकेका ओळीखाली बोट सरकवत त्यांनी चाळीसही वाचली. मागे किटली उकळून बंद झाली.

"यातली अकरा मी ऐकलीत," त्या म्हणाल्या. "बाकीची एकोणतीस इथं कोण बोलतं बापा?"

"सगळी करेक्ट आहेत, मावशी."

"करेक्ट असतील. तोंड कुणाचं?"

"तोंडाचं काय घेऊन बसलात? त्यांच्याकडे फॉर्म असतो. मटेरियल आहे का, टिक. लेसन प्लॅन आहे का, टिक. तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही. निदान लिस्ट तरी दाखवू. नाहीतर क्लास ते दुसऱ्या टीचरला देणार."

"आणि मी?"

"तुम्हाला कोण काढतंय! चहाला तुम्ही आहातच की. तुमच्या चहाशिवाय हे सेंटर चालतं का?" तो हसला, मग जरा ओशाळून म्हणाला, "खरं सांगतो, माय हँड्स आर टाइड."

"काहून? कुणी बांधले, स्वानंदराव?"

 त्याच्या बांधलेल्या हातांपैकी एकात कॉफी होती, दुसऱ्यात फोन.

त्या संध्याकाळी नात कल्याणी घरी आली. इथेच जन्मलेली, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. तिने कागद वाचला आणि खांदे उडवले.

"आजी, एक दिवस तो लिस्ट शिकव ना. वन डे. मग परत तुझा चादर. व्हॉट्स द बिग डील?"

एरवी रंभाबाईंनी 'तुझी चादर' म्हणून दुरुस्त केलं असतं. त्या दिवशी केलं नाही. त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या.

"गावात माझ्या आईच्या हातचं पाणी कुणी पीत नव्हतं. ती पाणी द्यायला उठली तर लोक तहानेले उठून जायचे. इथं माझ्या हातचा चहा सगळ्यांना गोड लागतो, बरं वाटतं. पण चहाच तेवढा चालेल, वाक्य चालणार नाही, असं म्हणत असतील तर ती जुनीच गोष्ट आहे, कल्याणी. फक्त कप नवे आहेत."

कल्याणीने कागदाची घडी घालून टेबलावर ठेवली. 

पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी त्या बाई आल्या. उंच, शांत, सगळ्यांना नमस्कारासारखी मान हलवणाऱ्या. वाईट नव्हत्या. स्वानंदने आठही खुर्च्यांवर आठ याद्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. रंभाबाईंनी त्या एकेक करून उचलल्या, नीट एकावर एक रचल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. मग चादर उलगडली. दारात उभ्या स्वानंदने डोळे मिटून घेतले.

आधी सू-फेन उठली. फुजियानची, एका रेस्टॉरंटच्या भटारखान्यात काम करणारी, बोलताना नेहमी जमिनीकडे बघणारी. ती चादर धरून चालत आली आणि मधोमध एकदम ओरडली, "हँड्स!"

सगळे दचकले. पाहुण्या बाईंचा पेन थांबला.

"हूज माउथ?"

"हेड शेफ. प्लेट रेडी, नोबडी टेक. ही शाउट, हँड्स! फूड गोइंग कोल्ड." जेवण वाढून तयार आहे, कुणीतरी हात लावा आणि घेऊन जा. सू-फेनने ते शेफसारखं टेबलावर थाप मारून दाखवलं आणि पहिल्यांदाच मान वर करून हसली.

समोरून मिसेस लाउंनी थाप मारत परत म्हटलं, "हँड्स!" मग त्यांनी आपलं वाक्य दिलं. लायब्ररीतला माणूस कुणाला तरी म्हणाला होता, शी इज अॅन ओल्ड हँड. "आमच्यातही जुन्या, मुरलेल्या माणसाला 'जुना हात' म्हणतात," त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि रंभाबाईंकडे बोट केलं. "लाइक टीचर."

पाहुण्या बाईंनी आपल्या हातातली यादी चाळली. 'हँड्स!' त्यात नव्हतं. त्यांनी सू-फेनला हळुवारपणे विचारलं, 'हँड इन ग्लव्ह' म्हणजे काय?

"ग्लव्ह?" सू-फेनने विचार केला. "अॅट वर्क, ब्लू." कामावरचे हातमोजे निळे. यादीतला अर्थ होता, संगनमताने.

बाईंनी काहीतरी लिहिलं. सू-फेनची मान पुन्हा खाली गेली.

तेव्हा रंभाबाई चादरीचे दोन कोपरे घेऊन त्या बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "प्लीज. होल्ड."

"ओह, नो, आय अॅम जस्ट ऑब्झर्व्हिंग."

"हिअर, एव्हरीबडी होल्ड."

बाई हसल्या, पण पेन खाली ठेवला नाही. कोपरे तसेच हवेत राहिले. मग चादर झटकून रंभाबाईंनी पुढच्या जोडीला बोलावलं. तासभर वर्ग चालला. खिडकीतल्या याद्या कुणी उचलल्या नाहीत.

बारा दिवसांनी, मंगळवारी, ईमेल आली. स्वानंदने ती काउंटरपाशी उभं राहून वाचून दाखवली. उत्साह चांगला आहे. साहित्य नाही, पात्रता नाही. पुढच्या महिन्यापासून नव्या शिक्षिका.

"मावशी, मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस." रंभाबाईंनी अॅप्रन काढला, घडी घालून काउंटरवर ठेवला. "चहा ज्याचा त्याने करावा आता." मागच्या खोलीतून त्यांनी चादर आणि वही घेतली. तिथल्या कपाटाची चावी पर्समध्येच राहिली. विसरली असं त्यांनी कधी म्हटलं नाही.

वर्गाला त्यांनी एवढंच सांगितलं, की मी आता विहारात असेन. आपल्या लोकांचं बुद्धविहार तिथून दोन बस पलीकडे. खालची खोली सकाळी रिकामी असते. कमिटीत कुणी विचारलं, बाहेरच्यांचा वर्ग आपण काहून घ्यायचा? रंभाबाई म्हणाल्या, "बाबासाहेबांनी शिका म्हटलं, तेव्हा पत्ता विचारून म्हटलं होतं का?" खोली मिळाली.

पहिल्या गुरुवारी आठांतले पाचच आले. तिघांना पुढच्या कोर्ससाठी सर्टिफिकेट लागणार होतं. ज्यांना कागद लागतो त्यांना लागतो, रंभाबाईंनी त्यात कमीपणा मानला नाही. सू-फेन आली, येताना भटारखान्यातल्या एका बाईला घेऊन आली. मिसेस लाउंनी किटली लावली. प्रत्येकाने आपला कप आपण विसळला.

तिसऱ्या गुरुवारी दारात स्वानंद. पावसात भिजलेला, बूट हातात घेऊन.

"मावशी, ती कपाटाची चावी... नव्या टीचरना मार्कर्ससुद्धा काढता येत नाहीयेत. तीन आठवडे झाले."

"देते की." त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "पण रिकाम्या हाताने इथं कुणी उभं राहत नाही. बूट ठेव. ते टोक धर."

"अहो मावशी, मला मीटिंग आहे."

"धर."

त्याने इकडे तिकडे पाहिलं. सहा चेहरे त्याच्याकडे बघत होते. चादरीच्या पलीकडच्या टोकाला सू-फेन उभी होती. त्याने बूट ठेवले, कोपरे धरले. झटका त्याला नीट जमला नाही. दोघं चालत आली, मधोमध हाताला हात लागला.

"वाक्य," रंभाबाई म्हणाल्या.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माय हँड्स आर टाइड."

"हूज माउथ?" हे सू-फेननेच विचारलं.

त्याने खोलीभर नजर फिरवली, जणू कुणी दुसरं सापडेल म्हणून. मग हळूच म्हणाला, "माइन."

"माय हँड्स आर टाइड," सू-फेन कोपरे घेत म्हणाली आणि तिने आपली दोन्ही मनगटं चादरीत गुंडाळून सगळ्यांना अर्थ दाखवला. मग तीच मनगटं सोडवून घडी पुरी केली. खोलीत हशा पिकला. स्वानंदलाही हसू आलं, जरा उशिरा.

रंभाबाई सावकाश लिहीत होत्या. वाक्य. मग नाव, स्वानंद. सेंटर, चहाचं काउंटर, मंगळवार. त्याने वाकून पाहिलं.

"अहो, माझं नाव कशाला? खोडा ना ते, मावशी."

"या वहीत मॉरीनपासून आजपर्यंत कुणाचं नाव खोडलेलं नाही." त्यांनी पर्समधून चावी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "दुसरं वाक्य आण. त्याच्याखाली तेही लिहीन."

त्याने बूट उचलले. जिन्यावर त्याची पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. खाली मिसेस लाउंनी दोन कोपरे उचलून मिसेस रंभा अशी हाक मारली, आणि रंभाबाई वही मिटून आपलं टोक धरायला उठल्या.