पहिल्या फुलाची सावर

बाबा गेल्यानंतरचा तो पहिला शिमगा. घरामागच्या बांधावर त्यांनी लावलेली काटेसावर यंदा होळीला न्यायची, असं गावाने ठरवलं. खोड सरळसोट, उंचीही पुरेशी. सांगायला आलेल्या चुलत्यांना आईने तिथेच होकार दिला. "न्या भावजी. मागचं दार उघडलं की तीच दिसते."

मला ती जायला नको होती.

आमच्या गावात एकच गोष्ट आड येते. सावर पहिल्यांदा फुलावर आली असेल, तर त्या वर्षी तिला कोयता लावत नाहीत. पहिलटकरीण म्हणतात तिला. आमची सावर अजून कधीच फुलली नव्हती. आंबेनळीच्या रस्त्याला सावरी, पांगारे केव्हाचे लाल झाले होते. हिच्या फांद्या उघड्याच. मी महाडला शाळेत शिकवते. होळीच्या आदल्या दिवशी घरी आले, तेव्हा शेंड्याजवळ काही गाठी दिसल्या.

पालवीचा कोंब टोकदार असतो. कळी बोथट, वाटीत बसवल्यासारखी. हे मी पुस्तकात वाचलं होतं, बाबांनी दाखवलंही होतं. पण एवढ्या उंचावर, मागे पांढरं आभाळ. दुर्बिणीतूनही टोक घडीत बोथट वाटे, घडीत नाही. मला हवं तेच मी बघतेय की काय, अशी धास्ती वाटू लागली. आई शेजारीच भांडी घासत होती. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

सकाळी माणसं दोर घेऊन आली.

"काका, तिला कळ्या आल्यात," मी म्हटलं.

"पालवी असंल गो. कोवळी हाय ती अजून."

"बघून तरी घेऊ."

"मास्तरीणबाय झाडाचा पेपर तपासतायत," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

आई हसली नाही. "भावजी, उगाच वेळ नका घालवू."

काकांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. मग आंबे काढायची आकडी मागवली. काट्यांमुळे झाडावर चढता येत नव्हतं. आकडीला आणखी एक बांबू बांधून एकजण पडवीच्या छपरावर चढला. बराच वेळ आकडी नुसती फांदीवर घासत राहिली. शेवटी एक गाठ तुटून गवतात पडली.

काकांनी ती तळहातावर घेऊन नखाने उभी चिरली. आत घडी घातलेलं लाल, ओलसर.

"पहिलटकरीण हाय," ते म्हणाले. "चला रे, ओढ्याकडची बघू."

माणसं बांध उतरून गेली. मी स्वयंपाकघरात आले. आई तांदूळ निवडत बसली होती.

"म्हणजे आता फुलणार ती?"

"हो."

"सगळी?"

"पहिल्या वर्षी थोडीशीच फुलेल."

ती तांदळात बोटं फिरवत राहिली. "सावर फुलली की पाखरं येतात," ती म्हणाली. "दिवसभर कलकलाट. आणि मी इथे एकटी."

मला दुसऱ्या दिवशी महाडला परतायचं होतं. मी तिच्यासमोर बसले आणि अर्धे तांदूळ माझ्याकडे ओढले.