बोहनीनंतर, दिवाबत्तीआधी

मुकुंदकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वॉर्ड ऑफिसच्या बाकावर बसले होते. त्यांच्याच कामासाठी बसले होते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या गल्लीत दुपारी येणारी कचऱ्याची गाडी बंद झाली होती, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून मी रोज जाऊन बसायचे आणि साहेब रोज मीटिंगमध्ये असायचे. काकू फोनवर एवढंच म्हणाल्या, "अगं, ह्यांचं संपलं." मी "बरं" म्हणाले. तेवढ्यात शिपायाने माझं नाव पुकारलं. कधी नव्हे ते साहेब मोकळे झाले होते. मी आत जाऊन उभी राहिले. "बोलो बेन," ते म्हणाले. पत्रकं लिहिणारी, चौकात माइकशिवाय बोलणारी मुलगी मी... पण ज्याचं काम घेऊन आले तो माणूस आता नव्हता, आणि मग नेमकं कुणाचं काम म्हणून सांगायचं, ते कळेना. साहेबांनी ऑफिसातला नेहमीचा प्रश्न विचारला, "अरजी लाव्या छो?" अर्ज आणलाय का? अर्ज नव्हता. इतकी वर्षं गाडी येत होती आणि तिचा एक साधा अर्ज नव्हता. तो का नव्हता, तेच इथे लिहायचं आहे.

मुकुंदकाका बाबांचे शाळासोबती. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बडोदा संस्थानच्या फौजेतली नोकरी. ती संपल्यावर आजोबांनी शिवणकामाच्या सामानाचं दुकान टाकलं. "पणजोबा तलवारीला धार लावायचे, मी सुया विकतो. धार तीच, लांबी तेवढी कमी झाली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ते ऐकावं लागायचं. बटणं, हूक, अस्तर, लेस, रिळं... खाली दुकान, वर घर. आम्ही राहतो लांब तरसालीला, त्यामुळे लहानपणी ते मला फक्त लग्नामुंजीत दिसत. खरी ओळख झाली ती मी त्यांच्या दुकानात पत्रक घेऊन गेले तेव्हा. कचऱ्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आमच्या गटाने व्यापाऱ्यांसाठी पत्रक काढलं होतं. सकाळी आठ वाजता ओला आणि सुका कचरा वेगवेगळा करून गाडीत द्या, नाहीतर तुम्हीही गुन्हेगार. शेवटचं वाक्य माझं होतं. बाकीच्या दुकानदारांनी पत्रक घडी करून गल्ल्याखाली सारलं. काकांनी चष्मा लावला, उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, अगदी खाली छापखान्याचं नाव असतं तिथपर्यंत, आणि विचारलं, "आठ वाजता इथे असतं कोण?"

मग त्यांनी मला स्टुलावर बसवून गल्लीचा दिवस समजावून सांगितला. गाडी येते आठला, शटर उघडतात साडेदहा-अकराला. उघडल्यावर झाडून केर दारामागे गोळा करतात, पण बोहनी म्हणजे दिवसाची पहिली विक्री होईपर्यंत दुकानातून काहीच बाहेर जात नाही. उधारीचा पैसा नाही आणि केरही नाही. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की झाडूला हात लावायचा नाही, केराबरोबर लक्ष्मी जाते. उरली दुपार, आणि दुपारी गाडी नाही. म्हणून दुपारी जो तो आपला कचरा कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाखाली नेऊन टाकी, तो तिथेच दुसऱ्या सकाळपर्यंत पडे, गाई तोंड घालत, चहावाला त्यावरच चोथा ओती. चांगला कोरडा पुठ्ठा, शिंप्यांच्या चिंध्या, मालावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या, सगळ्याचा लगदा. "ही अंधश्रद्धा आहे," मी म्हणाले. मला तेव्हा हे वाक्य फार आवडायचं.

"असेल," काका म्हणाले. "पण कचरा त्यांचाच आहे ना? तुला तो हवाय ना? मग त्यांच्या वेळेला ये."

पत्रकातली वेळ मी बदलली. पण पत्रकाने गाडी येत नाही. ती काकांनी आणली, आणि कशी आणली तर वॉर्ड ऑफिसात जाऊन चहा पिऊन. तिथले तेव्हाचे साहेब आपल्या मुलीच्या चणिया-चोळीची लेस काकांकडूनच नेत. त्या ओळखीवर रमणभाई नावाचे ड्रायव्हर दुपारच्या मोकळ्या वेळात गाडी गल्लीत घालू लागले. काकांनी दुकानादुकानांत फिरून पुठ्ठ्याची, चिंध्यांची आणि प्लास्टिकची वेगळी पोती ठेवायला लावली. पुठ्ठा कोरडाच राहिला, म्हणून पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला, घेऊ लागला. चिंध्या मकरपुऱ्याच्या कारखान्यांत मशीन पुसायला जाऊ लागल्या. कोपरा मोकळा झाला आणि तिथे एक म्हातारी गजरे घेऊन बसू लागली. हे सगळं मी माझ्या पत्रकांत 'जनतेच्या रेट्याचा विजय' म्हणून छापलं. काका वाचून हसले आणि म्हणाले, "रेटा म्हणजे मीच का? त्याला माझं वजन चाळीस किलो कमी पडतं."

पण दुपार झाली तरी बोहनी न झालेली दुकानं असतच, आणि ती वाढत चालली होती. लोक फोनवर माल मागवतात, गल्लीत कोण येतं? अशा दुकानाचं पोतं गाडीत चढायचं नाही. मग काका गाडी यायच्या आधी गल्लीतून एक फेरी मारत आणि ज्याचा चेहरा उतरलेला दिसेल त्याच्याकडे काहीतरी विकत घेऊन बोहनी करून देत. एक खोडरबर, केसांची पिन, चहाची गाळणी, एकदा तर लहान बाळाचं झबलं. त्यांच्या घरात लहान बाळ नव्हतं. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "कुणाचं तरी होईल." घर असल्या वस्तूंनी भरून गेलं आणि काकू मला म्हणत, "तू कचरा कमी कर म्हणतेस, हे घरी आणतायत." व्यापाऱ्यांत मात्र बोलवा झाली की मुकुंदभाईच्या हाताने बोहनी झाली की दिवस चांगला जातो. ते ऐकून काका खुलत. मोठेपणा त्यांना आवडायचा, हे मी लपवणार नाही.

आणि तिथेच आमचं भांडण. मी सांगत होते, लेखी घ्या. सह्या गोळा करू, निवेदन देऊ, दुपारच्या फेरीचा कागद करून घेऊ. काका म्हणत, कागद दिला की ते नियम काढतील, आणि नियमात दुपार नाही. "माझ्या शब्दावर येतेय ना गाडी? चालू दे की." मी म्हणे, शब्दाला शिक्का नसतो. ते म्हणत, तुला शिक्क्याचा फार सोस. असं वर्षानुवर्षं चाललं. बडोद्यातल्या आपल्या मराठी लोकांची ही जुनी खोड आहे. ऑफिसात कुणीतरी ओळखीचं असतं, आणि त्या ओळखीलाच आपण व्यवस्था समजतो.

गेल्या दिवाळीनंतर काकांची धाप वाढली. फुप्फुसांचा आजार जुनाच होता, आता ती आक्रसत चालली आहेत असं डॉक्टर म्हणाले. नाकाला नळी लागली, जिना बंद झाला. त्याच सुमारास साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी रमणभाईंना विचारलं, ही दुपारची फेरी कुठल्या कागदावर? रमणभाई काय सांगणार? फेरी बंद झाली. पहिले काही दिवस दुकानदारांनी पोती आत ठेवली. मग एकाने कोपऱ्यावर नेली, मग सगळ्यांनीच नेली. गजरेवाली उठली. थंडी पडली होती, आणि त्या ढिगाला रोज आगी लागू लागल्या. कोपरा म्हणजे काकांच्या खिडकीच्या बरोबर खाली. काकू ओले टॉवेल फटींत कोंबत आणि काका भिंतीकडे तोंड करून बसत. धूर मात्र यायचाच.

एकदा मी तिथे असतानाच धूर आला, तशी खाली धावत गेले. ढिगात हसमुखभाईंच्या दुकानाच्या छापील पिशव्या जळत होत्या. हसमुखभाई पिशव्यांचे व्यापारी, काकांच्या शेजारचे. काका आजारी पडल्यापासून त्यांच्या घरून रोज मुगाचं पाणी यायचं. मी त्यांना नको नको ते बोलले. ते गल्ल्यावरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "हूं तो खाली मूकूं छूं, बेन. बाळे कोण, ए खबर नथी." ते नुसतं ठेवतात, जाळतं कोण हे त्यांना माहीत नाही. मी पुढच्या दुकानात गेले, तिथेही तेच. सगळे ठेवणारे. जाळणारा एकही नाही... हसमुखभाई माझ्या मागोमाग आले. हात जोडून म्हणाले, "गाडी आण. तुझ्या हातात देतो." माझ्याकडे गाडी नव्हती.

शेवटी काकांना वासण्याला पुतण्याच्या फ्लॅटवर हलवलं. तिसरा मजला, मोकळी हवा, समोर बाग. तिथून ते रोज दुपारी फोन करत आणि विचारत, गाडी आली का? काकू शेजारून मोठ्याने म्हणत, आली असेल हो. मी म्हणे, नाही आली. मग ते म्हणत, "दोघींपैकी एक खोटं बोलतेय, हसमुखला विचारतो." हसमुखभाई काय सांगत, ते मी कधी विचारलं नाही.

मी मात्र गप्प बसणार नव्हते. नवं पत्रक लिहिलं, त्यात कोपऱ्यावर कचरा टाकणाऱ्या सगळ्या दुकानांची नावं घातली आणि छापण्याआधी काकांना दाखवायला नेलं. मला वाटलं, हसमुखभाईंचं नाव काढ म्हणतील. त्यांनी यादी वाचली. दम खात खात, बोट फिरवत वाचली.

"माझं कुठाय?" त्यांनी विचारलं.

"तुमचं कशाला?"

"गाडी तोंडी ठेवली ती मी. कागद करायला हवा होता गं." त्यांनी नाकातली नळी नीट केली. "सगळे माझ्या शब्दावर यायचे... ते मला बरं वाटायचं."

मी पत्रक परत घेतलं. त्यांचं नाव घातलं नाही आणि बाकीचीही छापली नाहीत. मला काकांचा राग आहे, अजून आहे. मृत्यूच्या दाखल्यावर जुना आजार लिहिला आहे, धुराचा उल्लेख नाही. धुराने गेले असं मीही छापू शकत नाही, कारण आजार खरोखरच जुना होता. माझ्यासारख्या मुलीला काय येतं? बोट दाखवता येतं. इथे बोट दाखवायला जागाच नाही. साहेब नियमाने वागले. रमणभाई हुकमाने वागले. दुकानदार रीतीने वागले. काका त्यांच्या स्वभावाने वागले. आणि ढीग रोज जळला.

काका गेल्याचं कळताच गल्लीने शटरं खाली ओढली. हसमुखभाई खांदा द्यायला सर्वांत पुढे होते. तेरावं झालं, काकू दांडिया बाजारात परत आल्या आणि दुकान उघडून बसल्या. मी त्याच साहेबांकडे अर्ज दिला आहे. त्यावर शिक्का बसला आहे, आणि विचारलं की "अर्ज विचाराधीन आहे" असं उत्तर मिळतं. मुलं-माणसं जमवून धरणं धरू का असं काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "धर. पण केर कुठे टाकू ते आधी सांग."

कोपऱ्यावर टाकायला त्या तयार नाहीत. पुठ्ठा, रिकामी रिळं, मालावरची प्लास्टिकं, सगळं त्या पोत्यांत भरून दुकानातच ठेवतात. पोती आधी दारामागे होती, मग मागच्या भिंतीशी, मग काउंटरच्या अलीकडे. परवा मी गेले तेव्हा हसमुखभाई पायरीशी उभे होते, खांद्यावर त्यांचं पोतं. काहीसे ओशाळून त्यांनी काकूंना विचारलं, "भाभी, हे इथे राहू दे?" काकूंनी आत पाहिलं. आत जागा नव्हती. मग त्यांनी आपलं स्टूल उचलून बाहेर ओट्यावर आणलं आणि जिथे त्या बसत होत्या तिथे पोतं ठेवायला सांगितलं. त्यानंतर आणखी दोघे आले. कुणालाही त्यांनी नाही म्हटलं नाही.

तेवढ्यात एक शिंपी ब्लाउजच्या हुकांची पट्टी मागायला आला. हुकांचा खण पोत्यांच्या मागे, पार भिंतीला. काकूंनी वळून पाहिलं, मी आत शिरायला निघाले तर मला हाताने थांबवलं. "समोर मिळेल, ही पोती आता हलवायची नाहीत," त्यांनी शिंप्याला सांगितलं. तो रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. काकू बघत राहिल्या, आणि ऊन पायाशी आलं तेव्हा त्यांनी स्टूल थोडं मागे, पोत्यांना टेकवून ठेवलं.