ड्रेस्डेनमधलं वाण

ऑक्टोबरात ड्रेस्डेनच्या जुन्या भागातून चालताना आधी लाकडाचा वास येतो आणि दुकान मागाहून दिसतं. डोंगराकडच्या गावांतून इथे विकायला येणाऱ्या लाकडी बाहुल्यांचा, चांदण्यांचा, पक्ष्यांचा तो वास. त्यात धुपाची एक कडवट धार मिसळलेली असते, आणि नदीवरून येणारी ओलसर, राखाडी हवा त्याला गल्लीतच कोंडून ठेवते. एरवी मला हा वास आवडतो. त्या शनिवारी मात्र चौथ्या की पाचव्या दुकानाच्या दारात तो पुन्हा नाकात शिरला, तेव्हा तो मला चक्क नकोसा झाला. आईचा हात धरून मी आत गेले ती मनातल्या मनात चरफडतच.

आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती आणि पुढच्या आठवड्यात कराडला परतणार होती. जाताना तिला इथून वाण न्यायचं होतं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायचं वाण. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. मधली एक संक्रांत तिने दार लोटून घेऊन काढली, आणि यंदा मात्र आपण हळदीकुंकू करायचं असं तिने कुणालाही न विचारता ठरवलं. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी लगेच भावाला फोन केला, आणि त्याने जे सांगितलं त्याने तो आनंद तिथेच विरला. निघण्यापूर्वी आईने कॉलनीत विषय काढून पाहिला होता. बायका फार गोड बोलल्या होत्या. ‘बघू हं वहिनी, जमलं तर.’ ‘आता कशाला ही दगदग करता, आम्हीच येऊ की एकदा बसायला.’ कुणीही नाही म्हटलं नव्हतं. नाही न म्हणता नाही म्हणण्यात आपण किती तरबेज असतो, हे मला इतक्या दूर राहूनही नव्याने समजलं आणि संताप आला. आईने यातलं मला काही सांगितलं नाही, आणि मला ठाऊक आहे हे मीही तिला कळू दिलं नाही.

आमच्या घरची संक्रांत आठवते ती जानेवारीतल्या त्या लवकर उतरणाऱ्या संध्याकाळसकट. पायऱ्यांवर चपलांचा खच, ओल्या हरभऱ्यांचा आणि उसाच्या करव्यांचा हिरवा वास, गुलाबदाणीतून उडालेल्या थेंबांनी ओलसर झालेली सतरंजी, आणि काळ्या चंद्रकळेत, कपाळभर कुंकू लावून दारापासून ओट्यापर्यंत सतत ये-जा करणारी आई. आता तिची टिकली अगदी बारीक झाली आहे, जवळून पाहिल्याशिवाय दिसू नये इतकी. त्या संध्याकाळचा तिचा एकच कायदा होता: वाण सगळ्यांना सारखं. बाबांच्या बँकेतल्या साहेबांच्या बायकोला जे, तेच आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या शांताबाईंना. एका वर्षी स्टीलच्या वाट्या आणल्या आणि त्यांतल्या काहींना काठ निघाले, काहींना नाही, तर भर दुपारी ते अख्खं गाठोडं घेऊन ती दुकानदाराशी भांडून आली होती. आई कधी मोर्चात गेली नाही, कधी भाषण केलं नाही. समतेविषयी तिला जे काही म्हणायचं होतं ते तिने त्या वाट्यांमधून म्हटलं, असं मला वाटत आलं आहे.

पण हा कायदा ड्रेस्डेनच्या बाजारात लावायचा म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. आईला वस्तू इथलीच हवी होती, हाताने केलेली हवी होती, हलकी, न फुटणारी, रोज उपयोगी पडेल अशी हवी होती, आणि अडीच-तीन डझन नग हुबेहूब एकसारखे हवे होते. फ्रिजला चिकटवायच्या चित्रांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सुऱ्या मी सुचवल्या, तर ‘वाणात कुणी धारेची वस्तू देतं का’ म्हणून तिने मलाच वेड्यात काढलं. बियरचे मग तर चर्चेलाच आले नाहीत. अक्रोड फोडणाऱ्या लाकडी शिपायाने दात विचकले होते, तोंडातून धूर सोडणारा म्हातारा विडी ओढत होता, आणि पंखांच्या गोऱ्या मुली, म्हणजे देवदूत, दुसऱ्यांच्या देवघरातल्या, त्या आपल्या बायका ठेवणार कुठे? जिथे सगळं एकसारखं रचलेलं दिसे, तिथे ती वस्तू उलटी करून, नखाने खरवडून म्हणे, हे यंत्रावरचं. जिथे हाताचं असे, तिथे दोन नग जुळत नसत. मी इथल्या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करते. सिलिकॉनची एक चकती दुसरीसारखीच निघाली पाहिजे यासाठी आमची सगळी धडपड असते, आणि सुट्टीच्या दिवशीही माझ्या नशिबी पुन्हा तेच सारखेपण आलं होतं.

दुपार कलू लागली तशी माझी घालमेल वाढली. रविवारी इथे सगळी दुकानं बंद असतात, सोमवारपासून माझी कामावरची पाळी. चेस्टनटची ओली पानं बुटांना चिकटत होती, आईचे गुडघे बोलू लागले होते आणि तरी ती एका काचेपुढून दुसऱ्या काचेपुढे जात होती. शेवटी रस्त्यातच माझा तोल गेला. म्हटलं, “आई, कुणाला काही फरक पडत नाही गं. स्टीलच्या वाट्या कराडात मिळतात, त्या घे ना सरळ. हा काय हट्ट?”

ती काचेतल्या एका लाकडी कोंबडीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “वाट्या सगळ्यांकडे आहेत.”

बस, एवढंच. मला वाटलं, टोलवलं मला. मी मोबाइलवर ट्रामच्या वेळा पाहू लागले आणि ती समोरच्या दुकानात शिरलीसुद्धा.

ते दुकान एका वयस्क बाईंचं होतं. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, बोटांना रंगाचे जुने डाग. खिडकीतून येणारा पिवळट, थकलेला उजेड एका फळीवर पडला होता आणि तिथे लाकडाचे इवले इवले पेले मांडलेले होते. बुटक्या पायाचे, वर वाटीसारखे खोलगट, अंगावर रंगवलेली फुलं, पाखरं, बोरांच्या डहाळ्या. आईने एक उचलला, तळहातावर उभा केला, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

“कुंकवाचा करंडा,” ती म्हणाली.

“अगं, उकडलेलं अंडं ठेवतात त्यात,” मी म्हटलं.

“आपण थोडंच ठेवणार आहोत?”

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही, कारण तोवर तिने दुसरा उचलून पहिल्याशेजारी धरला होता आणि कपाळाला आठी पडली होती. एकावर निळी फुलं, दुसऱ्यावर चोच वर केलेला पक्षी. हे असे एकसारखे आहेत का म्हणून मी विचारलं, तर दुकानातल्या बाई जवळजवळ दुखावल्याच. डोंगराकडच्या गावातल्या दोघी बहिणी हे रंगवतात, त्या म्हणाल्या, आणि प्रत्येक पेला ‘उनिकाट’ आहे, त्याच्यासारखा दुसरा जगात नाही. हा शब्द त्यांनी आई देवाचं नाव घेते त्या सुरात उच्चारला. मग कुतूहलाने विचारलं, इतके सारखे कशाला हवेत? मी सांगितलं, कुणाला वाईट वाटू नये म्हणून. त्यावर त्या म्हणाल्या, पण वेगळा असला तर तो प्रत्येकीचा स्वतःचा होतो की. हेच मी सकाळपासून आईला पटवत होते, तरी परक्या तोंडून ऐकल्यावर मला ते उगाच शहाणपण शिकवल्यासारखं वाटलं. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे भाषांतर करून माझं डोकं भणभणू लागलं होतं, आणि दोघींपैकी कुणा एकीची बाजू घ्यावी इतकंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

बाईंनाच माझी दया आली असावी. त्यांनी खालच्या खणातून एक पेला काढला. साधा, रंग न दिलेला, गुळगुळीत, त्यावर लाकडाच्या रेषा तेवढ्या. हे एकसारखे हवे तितके मागवून देते, मंगळवारपर्यंत येतील, त्या म्हणाल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. इथला होता, हाताचा होता, हलका होता, आणि दुसऱ्यासारखाच होता. आईचा कायदा शब्दशः पाळला जात होता. मी तिला ते सांगितलं आणि पाकीट काढायला पर्समध्ये हात घातला.

आईने तो साधा पेला हातात घेतला, खूप वेळ फिरवून पाहिला आणि हलकेच परत ठेवला.

“नको,” ती म्हणाली. “हे रंगवलेलेच घेऊ. वेगवेगळे.”

मी पर्समधला हात बाहेर काढला. “अख्खा दिवस तू मला सारख्यासाठी फिरवलंस, आणि आता मिळतंय तर नको? एकीला फूल, एकीला पक्षी, मग बोलणी कोण खाणार?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. फळीवरचा एकेक पेला ती खाली उतरवून घेत होती, शांतपणे, भाजी निवडावी तसा. “बोलल्या तर बोलू देत,” ती म्हणाली. “वेगवेगळे असले, की निवडायला मिळावं म्हणून बायका लवकर येतील. जर्मनीचं आहे म्हटल्यावर येतीलच गं. आणि लवकर येणारीला चांगलं मिळतं म्हटलं, की कुणी जमलं तर बघू म्हणून बसणार नाही.”

दुकानातल्या बाई उत्सुकतेने माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. आई काय म्हणाली हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. सकाळपासून जो हट्ट तिने सोडावा म्हणून मी तडफडत होते, तो तिने आता सोडला होता, आणि मला तिथल्या तिथे तिचे खांदे धरून सांगावंसं वाटत होतं, की आई, सगळे सारखेच घे. कराडला पुन्हा भांड, गाठोडं घेऊन दुकानदाराकडे जा, मी येते तुझ्याबरोबर. ते मी बोलले नाही. खिडकीतला उजेड फळीवरून सरकत भिंतीवर गेला होता. आईने पेले काउंटरवर मांडले, त्यांतला निळ्या फुलांचा आणि पाखराचा पुन्हा पुन्हा शेजारी ठेवून पाहिले, आणि मग मला विचारलं, “यातला कुठला पुढे ठेवू? दारातून दिसला पाहिजे.”