मायचा गळा

औरंगपुऱ्यात ‘घशाचं दाखवायचंय’ म्हटलं की रिक्षावाले न विचारता डॉक्टर दीपमालाच्या दवाखान्यापुढं थांबायचे. धनगराची लेक. फर्दापूरच्या माळावर माय राजाबाईमागं मेंढरं वळता वळता शिकली, सर्जन झाली. कॅन्सर झालेलं स्वरयंत्र काढावं तर तिनंच. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रोगी वाचायचा, आवाज जायचा. “जीव तर राहिला ना?” एवढंच ती घरच्यांना म्हणायची.

त्या दिवाळीला राजाबाई आली ती घोगरा गळा घेऊन.

“थंडी बाधली बाई, दुसरं काय नाय.”

दीपमालानं दुर्बीण घातली. पडद्यावर गाठ दिसली. जन्मभराच्या मिश्रीनं डाव साधला होता.

दुसऱ्या डॉक्टरांनी बजावलं, आपल्या माणसावर आपण सुरी धरू नये. राजाबाई ऐकेना. “परक्याचा हात नको. माझ्या लेकीनंच कापावं.”

आदल्या दिवशी दीपमालानं फोन पुढं धरला. “माय, काहीतरी बोल. आवाज ठेवून घेते.”

राजाबाई लाजली. “काय बोलू बाई? तू जेवलीस का?”

ऑपरेशन नीट झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यातूनच श्वास. जखम भरल्यावर दीपमालानं तिला बोलायचं यंत्र दिलं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की शब्द उमटायचे, खरखरीत, सपाट. राजाबाई जिद्दीनं शिकली आणि पहिली हाक मारली ती नातीला, दीपमालाच्या लेकीला.

“संस्कृती!”

पोर किंचाळली. आजीकडं पाठ करून आत पळाली.

राजाबाईनं यंत्र उशीखाली सारलं. “लहान आहे ती, होईल सवय,” दीपमालानं परोपरीनं विनवलं. राजाबाईनं नुसती मान हलवली. गावी परतली, टाळ्या वाजवून मेंढरं वळू लागली. यंत्राला पुन्हा हात लावला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रोग फुप्फुसात उतरला. शेवटच्या दुपारी राजाबाईचे ओठ हलले. दीपमाला वाकली.

“काय म्हणतेस माय? परत म्हण.”

ओठ पुन्हा हलले. सगळा जन्म गळे तपासण्यात घालवलेल्या लेकीला ओठांवरचं काही उमगेना. राजाबाईनं थकून तिच्या गालावरून हात फिरवला आणि डोळे मिटले. काय म्हणाली, ते तिच्याबरोबरच गेलं.

आता ऑपरेशनआधी दीपमाला अख्खं घर बोलावते, लेकरांसकट. फकिरा नावाचा तिचा जुना पेशंट यंत्रावर बोलून दाखवतो. “हाच आवाज घरी येणार आहे,” ती सांगते, “आत्ताच ओळख करून घ्या.”

परवा एका चिमुरडीनं फकिराच्या मांडीवर चढून हट्ट धरला, “आजोबा, अजून बोला की!” सगळे हसले. दीपमाला हात धुवायला म्हणून आत गेली. नळ वाहत राहिला, आणि बाहेरून दोनदा हाक आली तरी तिला ओ देता येईना.