तिसरं नोझल आणि टोपीचं भोक

आमच्या गाडीच्या धुराबद्दल मी बोलायला लागलो की लोक म्हणतात, गड्या, थोडं कमी कर. कमी काय करू? एकदा गुळाच्या ढेपा घेऊन सांगलीला चाललो होतो आणि मागं हौद्यात एक पाहुणा बसवला होता. पांढरं धोतर, पांढरी बंडी, मिशासुद्धा पांढऱ्या. पेठेत उतरला तेव्हा त्याच्या सख्ख्या जावयानं त्याला "कोळशाची वखार पलीकडं हाय" म्हणून वाट दाखवली. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

पण ती गाडी मुळात अशी नव्हती.

लढाई संपल्यावर लष्करानं जुनी वाहनं विकायला काढली, त्यातली ही एक आमच्या गावच्या आबांनी आणली. आबा म्हणजे कृष्णाकाठचे मोठे ऊसवाले. त्यांच्यापुढं गावात कुणी मोठ्यानं खोकत नसे. गाडी डिझेलवर चालणारी, पुढं दोघांना बसायला जागा, मागं उघडा हौदा. किती मैल पळाली होती ते तिचं तिलाच ठाऊक. मैल मोजणारे आकडे एकदा सगळे फिरून शून्यावर आले होते आणि दुसऱ्या फेरीला अर्ध्या वाटेत कंटाळून बसले होते. मी तेव्हा नुकताच फौजेतून सुटलेलो. ब्रह्मदेशच्या चिखलात गाड्या हाकल्या होत्या, उघडल्या होत्या, जोडल्या होत्या. आबांनी स्टिअरिंग माझ्या हाती दिलं.

फौजेतून मी दोन वस्तू आणल्या. एक पान्यांची पिशवी आणि दुसरी फेल्टची, म्हणजे दाबून थापलेल्या लोकरीची, रुंद काठाची टोपी. टोपीला भोवतीनं कापडाची जाड पट्टी गुंडाळलेली असायची. त्या पट्टीखाली भोक आहे, शत्रूची गोळी पुढून शिरली आणि मागून गेली, माझे नुसते केस करपले, असं मी गावात सांगून ठेवलं होतं. आलो त्या महिन्यात गोळी एक होती. वर्षाच्या आत तीन झाल्या. कुणी पट्टी सोडून दाखव म्हणालं, तर मी म्हणायचो, "फौजेची पट्टी आशी चावडीवर सोडत न्हाईत रं."

आता डिझेलचं. ते गाळून घ्यावं लागतं. पिंपात काय काय असतं ते बघितलं तर माणूस पाणीसुद्धा डोळे मिटून पिईल. गाडीला मुळात फेल्टची गाळणी होती, पण आमच्याकडं येईतो तिचं नुसतं रिकामं भांडं उरलेलं. सांगलीत पुष्कळ शोधली, मिळाली नाही. मग आबांनीच तोड काढली. "येवढं मोठं जनावर, तेला न गाळता पाजायचं व्हय?" असं म्हणून ते रोज सकाळी स्वतः यायचे, स्वतःचा जुना फेटा चौपदरी करून टाकीच्या तोंडावर धरायचे आणि त्यातून डिझेल ओतायला लावायचे. आबांचा फेटा गुलाबी. पाच गावांत तसला गुलाबी दुसरा कुणी बांधत नव्हतं, कुणाची तेवढी छाती नव्हती. तो जुना फेटा धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कसं काय?"

मी टाचा जुळवून म्हणालो, "लष्करात आसंच करत्यात, आबा!"

लष्करात असं कुणी करत नव्हतं. पण मालक खुश होतो म्हटल्यावर आपलं काय जातं?

जे गेलं ते तीन महिन्यांनी कळलं. सकाळी गाडी सुरू होईना. झाली की उखळात कांडल्यासारखी ठोकायची. धूर असा काळा की झाडावरचे कावळे आपापसांत ओळख विचारू लागले. आणि जोर पार गेला. शिरवळच्या बाजूला गूळ न्यायला निघालो, आबा शेजारी बसलेले, आणि खंबाटकीच्या घाटात तिनं मान टाकली. मागून माणदेशाकडचा एक मेंढपाळ कळप घेऊन आला. त्याची मेंढरं आम्हाला ओलांडून गेली. लंगडं एक कोकरू होतं, तेही गेलं. मेंढपाळ खिडकीशी येऊन म्हणाला, "आवं पावणं, गाडीला जरा चरायला सोडा की. उपाशी दिसतीया."

आबांनी नुसता फेटा सारखा केला. आबा बोलत नाहीत तेव्हा ऊससुद्धा वाढायचा थांबतो. गाडी उलटी उतरवून गावात आणली तेव्हा म्हणाले, "तू पळवून पळवून मारलीस तिला. रविवारी भरल्या हौद्यानं घाट चढली तर तू ड्रायव्हर. न्हाई चढली तर सोमवारी सांगलीचा मानूस स्टेरिंगवर बसंल."

मी हसून "बरं" म्हणालो. खोटं कशाला सांगू? त्या स्टिअरिंगमागं मी बसत होतो म्हणून माझ्या गोळ्या गाव ऐकून घेत होतं. खाली उतरलो असतो तर माझ्याकडं नुसती टोपी उरली असती.

शुक्रवारी सांगलीचा मिस्त्री आला. हात सोन्यासारखे, पण सगळा जन्म पेट्रोलच्या गाड्यांत गेलेला. बॉनेट उघडून घटकाभर वाकून राहिला. मग विचारलं, "प्लग कुटं हायत?"

"हिला प्लग नसत्यात, मिस्त्री."

"मग पेटतंय कशानं?"

"दाबानं. हवा दाबून दाबून तापती, वरनं नोझल तेलाचा फवारा मारतं, की भडका."

मिस्त्रीनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू हीसुद्धा टोपीतली चौथी गोळी. "आसली गाडी आसतीय व्हय!" म्हणत चहा पिऊन तो गेला. माझ्या आयुष्यात मी सांगितलेली एवढी एकच गोष्ट पुरी खरी होती आणि तीच त्याला पटली नाही.

शनिवारी सकाळी आबांच्या वाड्यापुढं मी गाडी उघडली. अर्धं गाव जमलं. आबा खाटेवर बसले, डोक्याला नवा गुलाबी फेटा. हँडल मारायला मी तालमीतला पैलवान बोलावला होता. त्यानं चार झटके दिले तेव्हा गाडी ठोकत ठोकत सुरू झाली.

इंजिनाला चार नोझलं, प्रत्येकाला पंपाकडून एक बारीक पोलादी पाइप. आजार कुणाला आहे ते ओळखायची एक साधी रीत असते. चालू इंजिनावर पाइपाची चाकी, म्हणजे नट, थोडी सैल करायची. त्या नळकांड्याचं, म्हणजे सिलिंडरचं, तेल तुटतं. ते कामाचं असेल तर इंजिन लगेच लंगडतं. कामाचं नसेल तर त्याला फरकच पडत नाही. कामचुकार गडी रजेवर गेला तर कुणाला कळतं?

पहिली चाकी सैल केली. इंजिन लंगडलं. घट्ट केली. दुसरी केली, पुन्हा लंगडलं. तिसरी सैल केली. ठक ठक, ठक ठक, होतं तसंच. उलट धूर कमी झाला. चौथी केली, इंजिन बंदच पडायला आलं.

"गावला!" मी ओरडलो. "तिसरा!"

"कशावरनं?" आबा.

"आता डोळ्यांनी बगा."

इंजिन बंद करून तिसरं नोझल बाहेर काढलं, त्याच्याच पाइपाला बाहेरच्या बाहेर उलटं जोडलं आणि पुढं वहीचा कोरा कागद धरला, हातभर लांबून. सगळ्यांना मागं सारलं, कारण चांगल्या नोझलाचा फवारा कातडीतून आत शिरतो. म्हशीच्या या कुशीतून त्या कुशीला जाईल, असं मी सांगितलं आणि म्हैसवाले दोघं घरी पळाले. पैलवानानं हँडल फिरवलं. फवारा कसा पाहिजे? धुक्यासारखा. कागदावर रुपयाएवढा गोल, ओलसर, सारखा डाग पडला पाहिजे. इथं नोझल शेंबड्या नाकासारखं ठिबकलं. कागदावर एक ओघळ उमटला.

"सर्दी झालीया ह्येला," पैलवान म्हणाला.

गाव हसलं. मीही हसलो. नोझल सोडवून आतली सुई रॉकेलच्या वाटीत अलगद काढली. ती सुई आपल्या जागी घट्ट बसली की फवारा तुटतो. बसली नाही की ठिबकतं, अर्धं जळतं, धूर होतो, ठोका पडतो. सुईच्या टोकाला काहीतरी गुंडाळलेलं होतं. केसापेक्षा बारीक धागे, वळून वळून घट्ट झालेले. मी ते काडीनं नखावर घेतले आणि उन्हात धरले.

गुलाबी.

माझं हसू जागच्या जागी थांबलं. समोर आबा, डोक्याला गुलाबी फेटा, भोवती अर्धं गाव. धागा दाखवला तर भर गावात मालकाच्या फेट्यावर बोट. नाही दाखवला, तर उद्या घाट चढेल, पण तीन महिन्यांत पुन्हा हेच, आणि तेव्हा मला कोण ठेवील? वर त्या गाळण्याला लष्कराची मान्यता कुणी दिली होती? मीच.

मी एकदम उभा राहिलो. "सगळे लांब व्हा! आत दाब साठलाय, सुई उडाली तर डोळं जात्याल!" वाटीतल्या सुईत मुंगीएवढाही दाब नव्हता. पण क्षणात वाड्यापुढं कुत्रं उरलं नाही. पैलवान सगळ्यांच्या पुढं पळाला.

आबा खाटेवरून हलले नाहीत. "माजं डोळं जाऊ द्याचं हायत व्हय रं तुला?"

मी जवळ गेलो आणि नख पुढं केलं. "आबा, चष्मा लावा."

त्यांनी चष्मा लावला. बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. हात हळूच फेट्याकडं गेला आणि परत आला.

"किती जनांनी बघितलं?"

"तुमी आन मी."

"जुनं कापड. धागं सुटत्यात." आबा पुटपुटले. मग एकदम मान वर केली. "पर तू म्हनला व्हतास की, लष्करात आसंच करत्यात?"

जीव वाचवायला माणूस काहीही बोलतो. मी तर बिनकामाचाही बोलतो. तोंडातून निघून गेलं, "आबा, लष्करात फेल्टातनं गाळत्यात. फेल्टाचं धागं सुटत न्हाईत."

आबांची नजर माझ्या कपाळाच्या वर जाऊन थांबली.

"काढ."

"आबा, ही फौजेची..."

"काढ म्हनतो न्हवं!"

टोपी दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि पट्टी सोडायला लागले. एक वेढा, दुसरा, तिसरा. चांगली लांब पट्टी होती ती, मला त्या दिवशी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत वाटली. शेवटी टोपी उघडी झाली. आबांनी ती सूर्याकडं धरली, आत तोंड घालून बघितली, गोल फिरवली.

"गोळी कुठनं गेली रं?"

मी जमिनीकडं बघितलं.

"तीन व्हत्या न्हवं?"

"जरा लांबनं गेल्या, आबा."

आबांच्या मिशा हलल्या. हसले की काय ते मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. "बरंच झालं. भोक आसतं तर कचरा गेला आसता." पट्टी त्यांनी आपल्या खिशात घातली.

दिवसभर मी चारी नोझलं रॉकेलात धुतली, फवाऱ्याची भोकं घोड्याच्या शेपटीच्या केसानं मोकळी केली, टाकी रिकामी करून पुसली. कागदावर चार गोल डाग पाडून आबांना दाखवले. लोकांनी काय निघालं म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "पिंपातला कचरा." आबा मान हलवत होते.

रविवारी टोपीतून डिझेल गाळलं. थेंब थेंब, संथ, पण काचेसारखं. भरल्या हौद्यानं घाटाला लागलो. पहिल्या वळणाला मी श्वास धरला, दुसऱ्याला सोडला, तिसऱ्यापासून गाणं म्हणायला लागलो. धूर एवढाच, की कुणी विडी ओढली असती तर जास्त निघाला असता. वरच्या अंगाला तोच मेंढपाळ परतीच्या वाटेवर बसलेला. गाडी ओळखून उभा राहिला आणि माझ्या उघड्या डोक्याकडं बघून ओरडला, "पावणं, टोपी कुटं गेली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारून आबा खिडकीबाहेर वाकले.

"गोळ्यांची भोकं लय मोठी झाल्ती," ते म्हणाले, "म्हनून टाकली." आणि मला म्हणाले, "पुढं बघ, ड्रायव्हर."