बिनडोळ्यांचा गणपती

मी एका माणसाची दहा मिनिटं खाल्ली.

आज सकाळी पेणला तो माणूसच गेला. आता परत कुणाला करू?

वसंता. रोह्याच्या शाळेतला माझा बाकमित्र, पुढे पेणला गणपतीचा कारखाना काढलेला. कामगार पुष्कळ, पण मूर्तीचे डोळे आखायचे ते फक्त त्यानेच. डोळे आखेपर्यंत ती माती, आखले की देव. हा त्याचा कायदा.

दोन वर्षांपूर्वी आमची दहावीची बॅच ग्रीसला गेली. गुडघे गेले की माणसाला ट्रेकिंग सुचतं.

क्रीट बेटावर नदीची एक घळ आहे. दिवसभर चालत उतरायची. खाली समुद्र. तिथून पुढे रस्ता नाही, फक्त बोट.

मी स्वयंघोषित लीडर. म्हणजे घड्याळ माझ्याकडे.

घळ सगळ्यात अरुंद होते, वर आभाळाची नुसती चिंधी उरते, तिथे वसंता खाली बसला. पाण्याकाठची ओली माती उचलली.

"पेणचा माणूस फॉरेनला आला तरी चिखलातच," मी म्हणालो.

"गप रे. हात लावून बघ. लोणी हाय लोणी."

बघता बघता मुठीएवढा गणपती. सोंड, कान, पोट. मग तो टोकदार काडी शोधायला लागला.

"वसंता, बोट सुटेल."

"डोळे राह्यलेत. धा मिनिटं."

"दोन मिनिटांत उरक."

"डोळ्यांना घाई नाय चालत."

"मग राहू दे! तुझ्या गणपतीपायी सगळ्यांना इथेच मुक्कामाला ठेवू का?"

त्याने काडी टाकली. मूर्ती दगडावर ठेवली. नमस्कार केला नाही.

"माती हाय ती अजून," एवढंच म्हणाला.

बोट तासभर उशिरा आली.

धक्क्यावर सगळे मला शिव्या घालत होते, मी बोटवाल्याला. वसंता एकटा मागे घळीकडे बघत होता.

"येळ होता की रे."

बस. पुन्हा कधी विषय नाही. भांडला असता तर मीही चार टोमणे मारून मोकळा झालो असतो. तेवढीही सोय ठेवली नाही त्याने.

आज स्मशानातून परतताना कारखान्यात डोकावलो. रांगाच्या रांगा. पितांबर रंगलेले, दागिने रंगलेले, डोळ्यांच्या जागा कोऱ्या.

त्याचा मुलगा म्हणाला, "काका, बाबा सोमवारी आखणीला बसणार होते."

मी मान खाली घातली. खरं तर गरज नव्हती. त्या रांगांमध्ये माझ्याकडे बघणारं कुणीच नव्हतं.

वसंता, शेवटचा नमस्कार.

काडी सावकाश शोध. बोट मी धरून ठेवलीय.